एकाच डावात बाद, तरी क्रमांक वेगळे

पोकरच्या स्पर्धेत खेळाडूचा क्रमांक त्याने किती डाव जिंकले यावर ठरत नाही; तो बाद कधी झाला यावर ठरतो. सर्वांना सारख्या चिप्स देऊन खेळ सुरू होतो, ज्याच्या चिप्स संपतात तो उठतो, आणि जो जितका उशिरा उठेल तितका त्याचा क्रमांक वरचा, अशी ही सरळ व्यवस्था आहे. तिच्यात पेच पडतो तो दोन खेळाडू एकाच डावात बाद झाल्यावर. बॉब सियाफोन यांनी संकलित केलेल्या ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर’ या नियमावलीत आणि लास वेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या नियमांतही याचे उत्तर एकच आहे: दोघे एकाच टेबलावर बसलेले असतील, तर डावाच्या प्रारंभी ज्याच्यापुढे अधिक चिप्स होत्या त्याला वरचा क्रमांक मिळतो. या नियमावर घेतले जाणारे आक्षेप जुने आहेत आणि बबलच्या जवळ, म्हणजे आणखी एक खेळाडू गेला की उरलेल्या सर्वांना बक्षीस लागू होते त्या टप्प्यावर, ते हमखास डोके वर काढतात. दोघे एकाच पत्त्यावर गेले असताना एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला रिकामे हात, हा श्रीमंताला झुकते माप देणारा न्याय आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. त्यांतले काही बक्षीस निम्मे निम्मे वाटा म्हणतात, तर काही ज्याचे पत्ते सरस त्याला वरचा क्रमांक द्या म्हणतात. दोन्ही सूचना ऐकायला सरळ वाटतात, पण टेबलावर चिप्स प्रत्यक्षात कशा फिरतात ते पाहिले की दोन्ही कोसळतात.

हा प्रश्न खेळाइतका जुना नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या वर्षी, १९७० मध्ये, विजेता खेळाडूंच्या मतदानाने निवडला गेला, म्हणजे बाद होण्याच्या क्रमाला तेव्हा स्थानच नव्हते. १९७१ पासून शेवटचा एक उरेपर्यंत खेळण्याची पद्धत आली, तरी पुढची काही वर्षे मुख्य स्पर्धेची सर्व रक्कम नियमानुसार विजेत्याचीच होती, आणि ज्या स्पर्धेत दुसऱ्याला काहीच मिळत नाही तिथे चौथा कोण आणि पाचवा कोण यावर कोणी भांडत नाही. १९७८ मध्ये बक्षीस पहिल्यांदा अनेकांत विभागले गेले. त्या वर्षी बॉबी बाल्डविन विजेता झाला, पण एकूण ४,२०,००० डॉलरपैकी त्याच्या वाट्याला निम्मेच, म्हणजे २,१०,००० डॉलर आले. तेव्हापासून प्रत्येक पायरीला किंमत चिकटली आणि कोण आधी गेला हा हिशेबाचा प्रश्न बनला. त्यामुळे त्याचे उत्तरही हिशेबातच शोधावे लागते. सहानुभूतीने ते सापडण्यासारखे नाही.

तो हिशेब एका कल्पित डावावर मांडता येईल. चार खेळाडू उरले आहेत, बक्षिसे तीनच आहेत, आणि तिसऱ्या क्रमांकाला सहा लाख रुपये ठेवलेले आहेत. चिप्सच्या राशींवरून त्यांतल्या तिघांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणावे: थोरल्याजवळ ९०,०००, मधल्याजवळ ४०,००० आणि धाकट्याजवळ १५,००० चिप्स आहेत, तर ५५,००० चिप्स असलेला चौथा खेळाडू या डावातून बाहेर पडला आहे. तिघेही ऑल-इन जातात, म्हणजे आपापली सारी रास पणाला लावतात. पोकरमध्ये कोणालाही आपण लावले त्याहून अधिक दुसऱ्या एकाकडून जिंकता येत नाही, म्हणून डीलर राशी एकमेकींशेजारी उभ्या करून सर्वांत लहान राशीच्या उंचीला त्या कापतो. प्रत्येकाचे १५,००० एकत्र येऊन ४५,०००चा मुख्य पॉट होतो आणि त्यावर तिघांचा हक्क असतो. मधल्याचे उरलेले २५,००० आणि त्यांना जुळणारे थोरल्याचे २५,००० मिळून ५०,०००चा दुसरा पॉट बनतो; त्याला साइड पॉट म्हणतात, आणि त्यावर धाकट्याचा कोणताही हक्क नसतो. थोरल्याने लावलेल्या बाकीच्या ५०,००० चिप्सना कोणाकडूनच जोड मिळत नाही, म्हणून त्या त्याला परत जातात. आता पत्ते उघडतात. थोरल्याकडे राजांची जोडी, धाकट्याकडे राण्यांची आणि मधल्याकडे गुलामांची जोडी आहे, आणि टेबलावरच्या पाच सामाईक पत्त्यांनी कोणालाच हात दिलेला नाही. थोरला दोन्ही पॉट ओढून घेतो, मधला आणि धाकटा उठतात, आणि नियमानुसार मधला तिसरा ठरून सहा लाख घेऊन जातो, तर धाकटा चौथा ठरून रिकाम्या हाताने परततो.

राण्यांनी गुलामांना हरवले असताना धाकटा खाली कसा, हा पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. पण राण्यांनी गुलामांना नेमके कोणत्या पॉटमध्ये हरवले, याचे उत्तर आक्षेपकाला देता येत नाही. मुख्य पॉटमध्ये राण्या आणि गुलाम दोघेही राजांपुढे हरले, आणि पोकरमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या पत्त्यांना एक चिपही मिळत नाही. साइड पॉटमध्ये तर राण्यांची नोंदच नव्हती. ज्या २५,००० चिप्स गेल्यामुळे मधला बाद झाला त्यांना धाकट्याचे पत्ते हात लावू शकत नव्हते. राण्यांऐवजी चार एक्के त्याच्या हाती लागले असते तरी नाही. याउलट धाकट्याची प्रत्येक चिप मधल्याच्या आवाक्यात होती. समजा हेच चार एक्के मधल्याकडे असते, तर धाकटा त्याच क्षणी संपला असता. एकजण दुसऱ्याला बाद करू शकतो आणि दुसरा पहिल्याला कधीच करू शकत नाही, अशी ही विषमता पत्ते वाटण्याआधीच टेबलावर मांडलेली असते, आणि नियम तिची फक्त नोंद घेतो. धाकट्याचे पत्ते खरोखर सर्वांत सरस निघाले असते, तर मुख्य पॉट त्याचाच होता आणि तो बाद झालाच नसता. तेव्हा सरस पत्त्यांचे फळ त्याला नाकारले गेले, हे म्हणणेही टिकत नाही.

सरस पत्त्यांची कसोटी व्यवहारातही चालत नाही. सामाईक पत्तेच सर्वांत मोठे ठरले तर दोघांचे हात सारखे होतात आणि पेच जिथल्या तिथे राहतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान हातांत पॉट अर्धा अर्धा वाटला जाणाऱ्या पोकरच्या प्रकारांत सरस कशाला म्हणायचे, याचीच पंचाईत होते.

दोघांचे जाणे एकाच वेळचे असले तरी एकाच ठिकाणचे नसते, हे स्पर्धांच्या दुसऱ्या एका प्रथेने केव्हाच मान्य केले आहे. काही स्पर्धांत प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर बाउंटी, म्हणजे त्याला बाद करणाऱ्याला मिळणारी ठरावीक रक्कम, लावलेली असते. अनेक पॉट असलेल्या डावात कोणी बाद झाला, तर त्याची बाउंटी त्याच्या शेवटच्या चिप्स ज्या पॉटमध्ये होत्या तो जिंकणाऱ्याला दिली जाते. म्हणजे मधला साइड पॉटमध्ये मेला आणि धाकटा मुख्य पॉटमध्ये, हे बाउंटी वाटताना सगळे निमूटपणे मान्य करतात. क्रमांक लावतानाच तेवढा त्याचा विसर पडतो.

दुसरा आक्षेप बरोबरीचा आहे, आणि त्याच्या पाठीशी इतर खेळांची उदाहरणे उभी केली जातात. ऑलिंपिकच्या मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. टोकियोत उंच उडीचे सुवर्णपदक दोघांना वाटून दिले गेले. पण ही उदाहरणे नीट पाहिली तर ती आक्षेपकाच्याच विरुद्ध साक्ष देतात. उपांत्य फेरीत हरलेले दोन मुष्टियोद्धे वेगवेगळ्या लढतींत हरलेले असतात आणि त्या टप्प्यावर त्यांच्यात सामना झालेलाच नसतो, म्हणून त्यांच्यात डावे-उजवे ठरवायला आधार नसतो. टोकियोत ते सुवर्ण वाटून घेणाऱ्या बार्शिम आणि तांबेरी यांच्या नोंदी प्रत्येक उंचीला इतक्या जुळल्या होत्या की त्या नोंदींवरून फरक काढायला काही शिल्लकच राहिले नव्हते. पोकरमध्येही हेच आहे: दोघांच्या राशी डावाच्या प्रारंभी तंतोतंत सारख्या असतील, तर नियम त्यांना बरोबरीत ठेवतो आणि बक्षीस वाटून देतो. मधला आणि धाकटा मात्र एकाच लढतीत, समोरासमोर, असमान राशी घेऊन उतरले होते.

राशींतला फरक किती मोठा असावा, असा एक उपप्रश्न इथे विचारला जातो. धाकट्याकडे १५,००० आणि मधल्याकडे १५,१०० असते, तर शंभर चिप्सच्या जोरावर सहा लाख घेऊन जाणे हास्यास्पद नाही का? दिसायला ते तसे आहे. पण शंभर चिप्सचा साइड पॉट हाही साइड पॉटच असतो, आणि तो जिंकणारा खेळाडू टेबलावर राहतो. १९८२ च्या मुख्य स्पर्धेत जॅक स्ट्रॉस एकदा जवळपास संपला होता, उरलेल्या एकाच चिपवर तो परत उभा राहिला आणि अखेर विजेता झाला, असे सांगितले जाते. ज्या खेळात एका चिपवरून असे पुनरागमन संभवते, तिथे जिवंत राहण्याला किमान रकमेची अट घालणे हीच मनमानी ठरेल.

बरोबरीचा खरा दोष मात्र अन्यत्र आहे. ती मान्य केली तर धाकटा एकट्या थोरल्याकडून हरल्यास त्याला काहीच मिळणार नाही, पण त्याच पत्त्यांवर, त्याच राजांपुढे हरताना मधलाही सोबत बुडाला तर त्याला तीन लाख मिळतील. धाकट्याने अधिक चांगले काहीच केले नाही, एक चिपही अधिक जिंकली नाही. शेजारी कोणी मोठा बुडाला एवढ्या कारणासाठी त्याला पैसे मिळतील, आणि तेही त्या बुडणाऱ्याच्या खिशातून. मग बबलवर लहान राशीच्या खेळाडूने दोन मोठे ऑल-इन गेलेले पाहून आपणही उडी घ्यावी, यासाठी त्याला एक आमिषच मिळेल. आजच्या नियमात त्याच ठिकाणी त्याने पत्ते टाकून दोघांचा निकाल पाहत बसावे, हेच त्याच्या हिताचे असते, कारण मधला एकटा गेला तर धाकट्याची बबलवरून सुटका होते. नियम त्याला वाट बघायला शिकवतो, आणि अशा टप्प्यावर वाट बघणे हे पोकरचे कौशल्यच आहे.

आक्षेपकांच्या भात्यातला सर्वांत टोकदार बाण मोठ्या राशीला मिळणाऱ्या तथाकथित फुकट संधीचा आहे, आणि त्याला झटकून टाकता येत नाही. धाकटा आधीच ऑल-इन गेला आहे, थोरल्याने त्याला झाकून, म्हणजे त्याच्याहून मोठी रास पुढे करून, सर्व लावले आहे, आणि आता निर्णय मधल्याचा आहे. थोरला जिंकला तरी धाकटा आपल्या खाली राहणार आणि तिसरे बक्षीस आपलेच, हे मधल्याला ठाऊक असते. म्हणून तो बेधडक उतरतो, आणि नियमाने त्याला जणू विमाच उतरवून दिलेला असतो, असे हे म्हणणे आहे. पण मधल्याने पत्ते टाकले असते तर काय झाले असते, हे या हिशेबात धरलेले नाही. थोरल्याने धाकट्याला हरवले असते, तर मधला ४०,००० चिप्स राखून तीन जणांत आला असता. तिसरे बक्षीस पक्के झाले असते आणि दुसऱ्या व पहिल्याची आशा कायम राहिली असती. उतरून हरल्यावर त्याच्याकडे फक्त तिसरे बक्षीस उरते. म्हणजे न उतरताही जे मिळणारच होते तेवढेच नियम त्याला देतो, आणि त्यापलीकडचे सर्व तो गमावतो. शिवाय धाकट्याचे पत्ते सर्वांत सरस आणि थोरल्याचे मधल्याहून सरस निघाले, तर मुख्य पॉट घेऊन धाकटा टिकतो, साइड पॉट हरून मधला एकटाच बाद होतो आणि चौथा ठरतो. पत्त्यांनी लावलेला हा क्रम नियम उलटवत नाही. ज्या विम्याची पावती अशा वेळी चालत नाही त्याला विमा म्हणण्यात अर्थ नाही. एवढे मात्र मान्य करावे लागेल की आधी बोलण्याची पाळी आलेल्या लहान राशीपेक्षा शेवटी बोलणाऱ्या मोठ्या राशीला अधिक माहिती असते. पण हा पाळीचा लाभ आहे, तो प्रत्येक डावात डीलरच्या खुणेबरोबर पुढे सरकतो, आणि क्रमांकाच्या नियमाने तो निर्माण केलेला नाही.

स्पर्धेतल्या चिप्सचे रुपयांत मोल काढण्याची जी पद्धत रूढ आहे तीही याच बाजूची आहे. डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसारख्या अनेक स्पर्धकांच्या चुरशीसाठी संभाव्यता काढण्याचे एक सूत्र मांडले, आणि पोकरमध्ये पुढे तेच आयसीएम या नावाने वापरात आले. प्रत्येकाची पहिले येण्याची शक्यता त्याच्या चिप्सच्या प्रमाणात धरायची, मग त्याला बाजूला काढून दुसऱ्या क्रमांकासाठी उरलेल्यांत तेच प्रमाण लावायचे, अशी त्याची रीत आहे. तिच्या हिशेबाने वरच्या डावाआधी मधल्याची पहिला येण्याची शक्यता २० टक्के आणि धाकट्याची ७.५ टक्के होती. सूत्रात त्रुटी आहेत, कारण ते कौशल्य आणि बसण्याची जागा धरतच नाही. तरी अधिक चिप्स असलेल्याला कमी चिप्सवाल्याच्या खाली ते कधीही बसवत नाही, आणि सर्वांच्या अपेक्षाही त्यावरच आखलेल्या असतात.

वेगवेगळ्या टेबलांवर एकाच वेळी बाद झालेल्यांना मात्र वर्ल्ड सीरिजसारख्या स्पर्धा बरोबरीत ठेवतात, आणि इथे नियमावर विसंगतीचा आरोप होतो: एका टेबलावर राशी मोजायच्या आणि दोन टेबलांवर विसरायच्या, हे काय? बबलजवळ खेळ हँड-फॉर-हँड चालवला जातो. सर्व टेबलांवर एकेकच डाव होतो, आणि तो सगळीकडे संपेपर्यंत पुढचा वाटला जात नाही. दुसऱ्या टेबलावर कोणी आधी जावा म्हणून आपल्या टेबलावर मुद्दाम वेळकाढूपणा करणाऱ्यांना त्याने चाप बसतो. असा एक फेरा म्हणजे एकच डाव मानला जातो, पण त्यातल्या दोन टेबलांवरच्या खेळाडूंत एकही सामाईक पॉट नसतो. तिथली मोठी रास दुसऱ्या टेबलावरच्या लहान राशीला झाकत नाही आणि तिला बादही करू शकत नाही. त्यांचे नाते मुष्टियुद्धाच्या दोन उपांत्य लढतींसारखे असते. म्हणून बरोबरी तिथे योग्य ठरते. २०२३ च्या मुख्य स्पर्धेत १०,०४३ प्रवेशिका होत्या, पहिल्या १,५०७ जणांना बक्षीस होते आणि त्यांतले किमान १५,००० डॉलरचे. १,५०८ जण उरले असताना दोन टेबलांवर एकाच फेऱ्यात दोघे गेले असते, तर प्रत्येकाला ७,५०० डॉलर मिळाले असते, आणि त्यात कोणाच्याही हक्काचे काही हिरावले गेले नसते. एका टेबलावर राशी आणि दोन टेबलांवर बरोबरी, हे दोन नियम एकाच तत्त्वाचे आहेत. ज्यांच्यात पॉट सामाईक त्यांची तुलना करायची, ज्यांच्यात नाही त्यांची करायची नाही.

संगणकावर चालणाऱ्या स्पर्धेत सर्व टेबलांवरच्या राशी क्षणोक्षणी नोंदलेल्या असतात, तेव्हा तिथे तरी टेबलांची भिंत ओलांडून मोठ्या राशीला वर धरावे, असे काही जण सुचवतात. माहिती उपलब्ध आहे म्हणून ती लागू पडते, असे होत नाही. समोरासमोरच्या खेळात दोन टेबलांवरच्या राशी मोजणे अवघड असते हे खरे, आणि गोव्यात मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो-बोटींवर असो की वेगासच्या दालनांत, प्रत्येक फेऱ्याआधी सर्वांच्या राशी मोजायच्या म्हटले तर खेळ पुढे सरकणार नाही. पण बरोबरीचे मूळ कारण ही अडचण नाहीच.

सॅटेलाइट स्पर्धांत, म्हणजे जिथे रोख रकमेऐवजी मोठ्या स्पर्धेचा प्रवेश बक्षीस म्हणून मिळतो तिथे, बरोबरीच्या कैवाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण होते. २००३ मध्ये ८३९ जणांत मुख्य स्पर्धा जिंकणारा ख्रिस मनीमेकर अशाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर आला होता. दहा जागांच्या सॅटेलाइटमध्ये अकरा जण उरलेले असताना एकाच टेबलावर दोघे एकाच डावात गेले, तर शेवटची जागा अर्धी अर्धी कापता येत नाही. बरोबरी मान्य केली की चिठ्ठ्या टाकाव्या लागतात किंवा जागेची किंमत रोखीत वाटावी लागते, आणि ज्याला पैसे नकोत, जागाच हवी आहे, त्याला ते मंजूर असेलच असे नाही. आधीच मांडलेल्या साइड पॉटकडे बोट दाखवणारा नियम तिथे एका वाक्यात निकाल लावतो.